डाव्या पॅडलवरचा पाय

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो. पण रस्ता म्हणाल तर मी जन्मात पाहिलेला नाही. मला एकच चाक, तेही जमिनीपासून वर. माझ्यावर बसून कितीही पॅडल मारा, तुम्ही त्याच खोलीत राहता. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मला गोष्ट सांगायची घाई झाली आहे. ती आठवली की अजून माझी साखळी थरथरते.

कारखान्यात मला रंग मिळाला, दुकानात धूळ मिळाली आणि मग चष्मेवाल्यांनी मला घरी आणलं. दिवसभर बसून चष्म्याच्या काचा घासायच्या, त्यामुळे त्यांचं पोट सुटलं होतं आणि रक्तदाब वाढला होता. डॉक्टरबाईंनी रक्तदाबाची गोळी दिली होती आणि व्यायाम करायला सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात त्यांची दमछाक बघून त्यांच्या पत्नीने माझ्या हँडलवर ओले टॉवेल वाळत घालायला सुरुवातही केली. पण गडी चिकट निघाला! रोज सकाळी घाम गाळू लागला. हळूहळू जिना चढताना धाप लागेनाशी झाली. आल्यागेल्याला ते कौतुकाने मला दाखवत. मला कॉलर असती तर ती ताठ झाली असती.

तिथेच गाडी घसरली. आपण आता ठणठणीत आहोत, मग गोळी कशाला, असं म्हणून त्यांनी कोणालाही न विचारता गोळी बंद केली.

एके दिवशी ते माझ्यावरून उतरले आणि तिथेच कोसळले. तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, शब्द फुटत नव्हता, डावा हात आणि डावा पाय लुळे पडले होते. त्यांच्या मुलीने ताबडतोब रुग्णवाहिका बोलावली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती.

खापर फुटलं माझ्यावर. पत्नीने मला गॅलरीत लोटलं, वर चादर टाकली आणि भंगारवाल्याला निरोप धाडला. मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

तेवढ्यात मुलगी दवाखान्यातून धावत आली. रक्तवाहिनी फुटली ती वाढलेल्या रक्तदाबामुळे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. व्यायामाने कमावलेला दम मेंदूची हानी कमी करतो का, यावर अजून अभ्यास चालू आहे. तसं ठामपणे सांगता येत नाही. पण सावरण्याचे कष्ट सोसायला तो दम नक्की कामी येईल, असंही त्यांनी सांगितलं होतं.

"आई, सायकल विकायची नाही," मुलगी म्हणाली. "बाबांना लागणार आहे ती."

चष्मेवाले घरी आले ते चाकाच्या खुर्चीतून. डाव्या पायात जोर आला नाही, तर ती खुर्ची कायमची होणार होती. डॉक्टरबाईंनी परवानगी दिल्यावर त्यांना धरून माझ्यावर बसवलं आणि डावा पाय पॅडलला पट्ट्याने बांधला. उजवा पाय राबायचा आणि डावा नुसता फुकट फिरून यायचा. पत्नी माझ्या चाकाशी बसायची. चाक अडलं, की नवऱ्याचा धीर खचू नये म्हणून ती हळूच हाताने ढकलायची. चष्मेवाल्यांना ते कळायचं. तरी ते पॅडल मारत राहायचे. असे महिने गेले.

मग एकदा मुलीने त्यांचा उजवा पाय उचलून बाजूच्या स्टुलावर ठेवला. "बाबा, आज फक्त डावा."

चाक ढिम्म हललं नाही. चष्मेवाल्यांच्या कपाळावर घाम आला. मी जीव एकवटून उभी होते. आणि मित्रांनो, माझं डावं पॅडल दाबलं गेलं! थोडंसंच, पण दाबलं गेलं! चाक फिरलं! चष्मेवाल्यांनी लगेच पत्नीकडे संशयाने पाहिलं.

तिचे दोन्ही हात वर होते. "मी नाही हो ढकललं," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली.

मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण कपड्यांच्या ढिगाखाली गुदमरत असेल, तर आजच तिची सुटका करा. घरातल्या मोठ्यांना तिच्यावर बसवा. मात्र गोळी बंद करायची की नाही, हे त्यांनी डॉक्टरांनाच विचारावं. माझ्या भरवशावर राहू नये. मी सायकल आहे. मला फक्त फिरणं कळतं.