स्वयंपूर्णतेची पाटी

तुमिराने डब्यात बोट घातलं आणि तिला किळस आली. वर तांदळाचा पातळ थर, खाली कोंबलेली रद्दी. दारोदार टांगलेले सगळे डबे तसलेच. कालच सरपंच दार्सोनोंनी ते रंगवून घेतले होते.

"आत कोण बघतंय, बू?" सरपंच म्हणाले; वडीलधाऱ्या बाईला इथे 'बू' म्हणतात. "फोटोत तांदूळ दिसले म्हणजे झालं."

पूर्वी प्रत्येक घर संध्याकाळी दारातल्या डब्यात मूठभर तांदूळ टाकायचं. आमच्या जावा बेटावर जिंपितान म्हणतात त्याला. ते तांदूळ विकून आलेल्या पैशांवर तुमिरा आणि चार बायका दर महिन्याला पोरांची वजनं करायच्या आणि मुगाची खीर वाटायच्या. कुणाच्या बापाच्या मिंध्या नव्हत्या. मग शहरातून प्रकल्प आला, बिस्किटांची खोकी घेऊन. "भिकाऱ्यांसारखे डबे कसले टांगता?" म्हणत त्या दीडशहाण्यांनी डबे उतरवले. गावाला फुकटचं खायची चटक लागली आणि द्यायची सवय मोडली ती मोडलीच. आता प्रकल्प गाशा गुंडाळत होता, आणि जाता जाता गावाला 'स्वयंपूर्ण' अशी पाटी ठोकून जाणार होता; त्या दिखाव्यासाठीच डबे पुन्हा टांगले होते. ती लागली की दवाखान्यातून अशक्त मुलांसाठी येणारं पीठही बंद. शेजारच्या वातीनीची दोन वर्षांची लारास त्या पिठावरच कशीबशी तगून होती.

पाटी लावायच्या कार्यक्रमाच्या मांडवात जिल्ह्याच्या अधिकारी इंदाहबाईंनी माईक तुमिरापुढे धरला. "काय बू, आता गाव हे सगळं आपलं आपण चालवेल ना?"

"अजून नाही," तुमिरा म्हणाली.

आमच्याकडे तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे उद्धटपणा. नकार द्यायचा तर 'अजून नाही' म्हणायचं. साठीची बिनलग्नाची बाईसुद्धा लग्नाचं विचारलं तर 'अजून नाही' म्हणते. पण कौतुकाने लाजलेला माणूसही हेच म्हणतो, आणि बाईंनी आपल्या सोयीचा अर्थ उचलला.

"बघा, किती हा विनय," बाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

तुमिराचं डोकं फिरलं. "विनय नाही, बाई. नाही म्हणजे नाही. डब्यांत रद्दी भरलीय. आणि ही वातीनीची पोर बघा, कशी वाळत चाललीय. तिचं पीठ थांबवू नका."

सगळं गाव वळून वातीनीकडे बघायला लागलं. वातीनीने पोरीला ओढणीत पुरतं झाकलं, ती उठली आणि हसली. अब्रू जायची वेळ आली की आमच्याकडे हसतात.

"माझ्या पोरीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "बू तुमिरांचं आता वय झालंय. आम्ही देतो की रोज तांदूळ."

लोकांचा जीव भांड्यात पडला. पाटी लागली, बाईंनी फोटो काढून घेतले, सरपंचांनी केळीच्या पानावर भात वाढला. तुमिराने पान तसंच बाजूला सारलं. सरपंचांची शिसारी, बाईंची शिसारी, टाळ्या पिटणाऱ्या शेजाऱ्यांची शिसारी. आणि स्वतःचीही, कारण त्या पोरीच्या आईला चव्हाट्यावर तिनेच उभं केलं होतं.

पुढच्या महिन्यात वजनाच्या दिवशी वातीनी फिरकली नाही. तुमिरा घरच्याच तांदळाची खीर वाटीत घेऊन तिच्या दाराशी गेली. दार आतून लावलेलं होतं आणि पोर आत किरकिरत होती.

"वातीनी, मी एकटीच आहे गं. दोन घास घाल तिला."

"नको, बू," आतून ती हळू आवाजात म्हणाली. "ती वाटी झाका आधी. लोक बघतात."