उमंगजींची काच आणि केळीचा चीक

एव्हरशाईन सिटी या वसाहतीतल्या हॉलबाहेर सकाळी आठ वाजताच चपलांचा ढीग. आत मंत्राने रोग काढणारे उमंगजी बोटभर लांबीची काच उंच धरून सांगत होते, "हिच्यात केसाहून बारीक नळ्या आहेत. रक्ताचा थेंब घातला, मंत्रजल सोडलं, की कॅन्सरचं बीज अंगातून ओढलं जातं, इथं अडकतं आणि काळं पडतं." त्यांनी एकाचं रक्त घालून वर मंत्रजल सोडलं आणि काचेत पाच काळे ठिपके उमटले. माणसं हात जोडून उभी राहिली.

माझी वहिनी चंद्रकांता पहिल्याच रांगेत. छातीतली गाठ काढून झाली होती, सोमवारी केमोचा पहिला डोस होता. तो ती घेणार नव्हती.

"ठिपके निघाले की संपलं, भावोजी. उगाच केस कशाला घालवू?"

"वहिनी, हा फसवतोय."

"कोण बोलतंय बघा. किल्ल्यातल्या विहिरीत मगर सुपारी कातरते, असं गावभर सांगितलं कुणी?"

ती थाप माझीच. सत्तर वर्षं थापा मारल्यावर खरं बोलायचं म्हणजे फार दमायला होतं.

तिची नात अक्षया लॅबमध्ये रक्त तपासते; तीही सोबत आली होती. ती म्हणाली, "आजी, अशी काच खरंच असते. कोट्यवधी रक्तपेशींमधून कॅन्सरच्या दोन-चार पेशी वेगळ्या काढते. पण नळीभर रक्तातून, डॉक्टरांना कळावं म्हणून. ती तपासणी आहे, उपचार नव्हे. आणि त्या पेशी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत."

"तुझ्या लॅबला काय कळतंय?" म्हणत वहिनीने हात पुढे केला.

सकाळी वाडीत केळीचा घड उतरवून ती तशीच आली होती. बोटं चिकाने चिकट. मंत्रजलाचे दोन थेंब त्यांवर सांडले आणि बोटंच काळी पडली.

"पाहा," उमंगजी म्हणाले, "बीज घाबरून बोटातून पळालं."

वहिनीने काळी बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. मग हळूच म्हणाली, "गंजक्या कोयत्याने केळ कापली की असंच होतं. काय हो, तुमच्या पाण्यात लोखंड आहे का?"

उमंगजी भक्तीवर बोलू लागले. तेवढ्यात अक्षयाने टेबलावरची कोरी काच उचलली, रक्ताऐवजी नळाचं पाणी घातलं आणि वरून मंत्रजल सोडलं. पाच ठिपके, त्याच जागी.

"आठवड्यातून दोनदा येतं बिचारं पाणी," मी म्हणालो, "आणि त्यालाही कॅन्सर."

अक्षयाने उलगडून सांगितलं: काचेत केळीच्या चिकाचे पाच ठिपके आधीच वाळवून ठेवले होते. मंत्रजल म्हणजे हिराकस, लोखंडाचा क्षार, घातलेलं पाणी. दोन्ही भेटले की काळं. रक्त असो वा नसो.

उमंगजी मागच्या दाराने गेले. तरी एकाने मला विचारलंच, "पण थोडाफार गुण येत असेल ना?" त्याला काय सांगणार? तेच सांगितलं, जे तुम्हालाही सांगतो. चमत्कार दिसला की आधी त्यात साधं पाणी घालून बघा. आणि थाप हवी तेवढी ऐका, पण तिच्यासाठी औषध सोडू नका.

सोमवारी वहिनीच्या हाताला केमोचं सलाईन लागलं. चार तास चालणार होतं. तिने डोळे मिटले.

"भावोजी, आता ती मगरीची सांगा."