साइडकारमधली जागा

त्या दिवशी जोलीन बेकस्ट्रॉमच्या अंगणात चाकाची एकही खूण नव्हती. एप्रिलमधला उशिराचा बर्फ पहाटे पडून गेला होता. स्कूलबस घेऊन मी तिच्या घरावरून सकाळी गेले आणि दुपारी परत आले. दोन्ही वेळा तिची गाडी जागच्या जागी, टपावर बर्फाचा थर तसाच. आणि आदल्या संध्याकाळी तिने फोनवर मला सांगितलं होतं, "उद्या डुलुथच्या हॉस्पिटलात जायचंय गं, ब्रिनची तपासणी आहे. नको, तू कशाला? जाऊ आम्ही दोघी."

तारीख पुढे गेली असेल, असं मी मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी अक्रोडाचा गोड पाव घेऊन तिच्याकडे गेले आणि सहज विचारलं, "काय म्हणाले काल डॉक्टर?"

"नेहमीचंच. बघू म्हणाले." जोलीन कॉफी ओतत होती. नजर कपातून वर आली नाही.

मी हेल्मी लाहटी. आमच्या या खाणीच्या गावात मोटारसायकलवाल्यांचा एक गट आहे. दर ऑगस्टला आम्ही गंभीर आजारी मुलांसाठी मोठी फेरी काढतो. जे पैसे जमतात ते त्यांच्या घरच्यांना जातात. पण फेरी एका दिवसाची. खरं काम उरलेल्या वर्षात असतं: लाकडं फोडून द्यायची, बर्फ काढायचा, हॉस्पिटलात न्यायचं-आणायचं, आई झोपली तर मुलापाशी बसायचं. फेरीत सगळ्यात पुढे मी असते, कारण माझ्या मोटारसायकलला साइडकार, म्हणजे बाजूला जोडलेली एकचाकी बैठक आहे आणि त्या वर्षीचं मूल त्यात बसतं. मागे शंभर इंजिनं घुमतात, पोलीस रस्ता अडवून धरतात, आणि पोर राजासारखं हात हलवत जातं. जोलीनच्या लेकीच्या, ब्रिनच्या पोटात गाठ निघाली होती. गेल्या ऑगस्टात तिला धड बसायचंही त्राण नव्हतं, म्हणून यंदाची जागा तिची ठरली होती.

मे महिन्यात रुडी झुपान्चिच माझ्या दारात आला. रुडी खाणीतून निवृत्त झालेला, फेरीत माझ्या मागे दुसरा असतो. टोपी काढून तो नुसताच उभा राहिला.

"बोल की बाबा. पाय दुखतील."

"बेकस्ट्रॉमकडे लाकडं टाकून आलो. ती पोर माझ्याबरोबर लाकडं रचत होती, हेल्मी. एका खेपेला तीन-तीन. धापसुद्धा लागत नव्हती तिला. आईने खिडकीतून बघितलं मात्र, धावत आली आणि आत ओढून नेलं."

"बरा दिवस असेल तिचा."

"आणि टोपीखालून केस बाहेर आलेत. हे एवढे." त्याने दोन बोटं धरून दाखवली. "औषधं चालू असताना केस येतात होय?"

मी त्याला झापलं. आजारी लेकराचे केस मोजतोस का म्हणून. तो गेला, पण शंका माझ्यापाशी सोडून गेला. त्यानंतर मी त्या घरी गेले की माझे डोळे माझ्या ताब्यात नसायचे. ओट्यावर औषधाच्या बाटल्या दिसतात का? कचऱ्यात काय आहे? जोलीन हसली तरी वाटायचं, हे हसू कशाला? स्वतःचीच किळस यायची, पण बघणं थांबेना.

जूनमध्ये ब्रिनला सवय व्हावी म्हणून तिला साइडकारमध्ये घालून तळ्याच्या रस्त्याला एक चक्कर मारून आणली. नऊ वर्षांची पोर, वळणावर आनंदाने किंचाळत होती. तळ्याकाठी थांबलो तेव्हा मी तिचा पट्टा सैल करता करता म्हटलं, "खांद्याखाली कातडीत ती औषध सोडायची डबी बसवलीय ना, तिथे रुततोय का गं पट्टा?"

"ती काढली," ब्रिन म्हणाली.

आणि लगेच तिने ओठ घट्ट मिटले. हात शर्टाच्या गळ्यावर गेला. तिथे फक्त एक गुलाबी व्रण होता.

"कधी काढली?"

"मला सांगायचं नाहीये." मग पाण्याकडे बघत हळूच म्हणाली, "आईला सांगू नकोस हं, मी बोलले म्हणून. ती रडते."

रुडीला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा कठीण झाला. "हे बघ, असल्या आया असतात. धडधाकट पोराला आजारी ठरवून ठेवतात. मी काउंटीच्या बालकल्याणवाल्यांना फोन करतो."

"ती लोकं पोर उचलून नेतील, रुडी."

"नेऊ देत. त्या पोरीला कोण विचारतंय?"

"एक दिवस थांब. मला आधी तिच्या तोंडून ऐकू दे."

"आणि ती खोटंच बोलली तर?"

"तर फोन मी लावीन."

जाताना रस्ताभर एकच विचार छळत होता. गाठ तरी खरी होती का? मी स्वतः ब्रिनला उलट्या करताना धरलं होतं, हॉस्पिटलच्या खुर्चीत झोपले होते. तरीही आठवणी उलटसुलट करून तपासत होते.

जोलीनने दार उघडलं. मी आत न जाता उंबऱ्यातूनच म्हटलं, "डबी कधी काढली तिची?"

ती तिथेच दाराला टेकली.

"जानेवारीत. गाठ गेली म्हणाले. काही उरलं नाही. उपचार संपले की मुलं वाजवतात ती घंटा तिने वाजवली, नर्सांनी टाळ्या वाजवल्या. आता अधूनमधून नुसतं दाखवायला जायचं."

"जानेवारी? आणि आम्हाला सांगायला तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"सांगणारच होते गं. घरी आलो तर तू अंगणातला बर्फ काढत होतीस. म्हणालीस, सूप आणलंय, बुधवारी परत येते. म्हटलं, बुधवारी सांगू. मग पुढच्या बुधवारी. आणि माझा नवरा केल, तो तिकडे नॉर्थ डकोटात तेलाच्या कामावर आहे. त्याचा फोन आला तर आला. आजार आला तसं हे घर माणसांनी भरलं, हेल्मी. आजार गेला म्हटलं की तुम्हीही जाणार. आणि मोठ्याने बोलले की परत येईल, अशीही भीती वाटायची."

मला तिची कीव आली, आणि त्याहून जास्त राग आला.

"पोरीला खोटं बोलायला लावलंस. आणि तो एमेट, दानिकाचा मुलगा? चार वर्षांचा आहे. मेंदूत गाठ. या साइडकारसाठी तिने विचारलं होतं मला. मी म्हटलं, यंदाची जागा भरलीय, पुढच्या वर्षी नक्की."

जोलीनचा चेहरा पांढराफटक पडला. पुढचं वर्ष म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ती म्हणाली, "तू नको सांगूस दानिकाला. मी सांगते. आत्ताच."

माझा विश्वास नव्हता. मीच तिला ट्रकमध्ये घालून दानिकाच्या घरापुढे नेलं आणि काचेतून बघत बसले. वाटत होतं, आता ती काहीतरी गोडगोड थाप मारील आणि परत येईल. दानिका दारात आली. जोलीन बोलत होती, हात नुसते लोंबत होते. दानिकाचा चेहरा आक्रसत गेला आणि तिने दार आपटलं.

जोलीन पायरीवरून हलली नाही. मी ट्रकचं दार उघडणार तोच घराचं दार पुन्हा उघडलं. दानिकाने काहीतरी विचारलं. जोलीनने मान हलवली, आणि दानिकाने तिचं मनगट धरून तिला आत घेतलं. ती बराच वेळ बाहेर आली नाही. दानिकाने काय विचारलं, ते मला परतताना जोलीनकडून कळलं: "ती घंटा खरंच वाजवतात का? तू डोळ्यांनी पाहिलीस?"

रुडीने फोन केला नाही. पण गटाच्या बैठकीत जोलीन उभी राहून सगळं बोलली, तेव्हा तो खुर्ची सरकवून निघून गेला. काहीजण त्याच्या पाठोपाठ गेले. ब्रिनला मात्र कोणी काही बोललं नाही. टोपी नसलेलं तिचं डोकं बघून एकजण म्हणाला, "अरे वा, साळिंदर आलं!" तर ती खुदकन हसली.

ऑगस्टात साइडकारमध्ये एमेट बसला. इंजिनं सुरू झाली तसा घाबरून भोकाड पसरलं त्याने. मग ब्रिन उडी मारून त्याच्या शेजारी दाटीवाटीने बसली, त्याच्या कानांवर हात ठेवले, आणि तळं येईपर्यंत काढले नाहीत. रुडी दुसऱ्या जागी होता. जोलीन रस्त्याच्या कडेला उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, अजूनही पाहत नाही.

ऑक्टोबरात एमेटला दाखल केलं. दानिकाला डुलुथला नेणारी, तिला जबरदस्तीने जेवू घालणारी, रात्री खुर्चीत बसणारी जोलीनच. ती हे प्रायश्चित्त म्हणून करते की पुन्हा माणसांत राहायला मिळावं म्हणून, हे मी बरेच दिवस डोळे बारीक करून शोधत होते. एकदा दानिकाला विचारलंही.

"मला काय करायचंय त्याच्याशी?" ती म्हणाली. "ती येते."