गुत्त्यावालीचं काय झालं?

आवडाबाईच्या टोपलीत त्या दिवशी मेथीच्या जुड्यांखाली फडक्यात बांधलेली दोन लुगडी, हातातले चांदीचे गोट आणि माहेरचा देवीचा टाक होता. रिसोडचा बाजार उठला की पाचच्या एसटीनं आसेगावला भावाच्या घरी जायचं, आणि पुन्हा मळ्याकडे फिरून बघायचं नाही. मनाशी पक्कं झालं होतं. सवतीला, कस्तुराबाईला, त्याचा वारा लागू द्यायचा नव्हता.

कारण काय? कारण आदल्या दिवशी नवऱ्यानं, दौलतरावानं, आवडाबाईच्या कमरेची कोठीची किल्ली मागून घेतली आणि कस्तुराच्या हातात दिली. “तुले आता आराम,” म्हणाला. आराम! एकोणीस वर्षं वांग्यांच्या वाफ्यांना पाणी धरलं, पोटी काही आलं नाही म्हणून स्वतः जाऊन ही पोरगी बघून आणली, उंबऱ्यात उभं राहून स्वतःच्या हातांनी तिला ओवाळलं, आणि आता आराम. कस्तुराला सातवा महिना लागला होता. तिच्यावर राग काढावा तर ती वाईट वागलेलीही नव्हती, हेच मोठं दुखणं होतं.

दोन वाजताच भाजी संपली. कस्तुरा म्हणाली, “बाई, टाकीजमंदी घोड्याईचा इंग्रजी शिनेमा लागला. पाहू ना!” पोरीचं एवढं तरी करून जावं, असं आवडाबाईला वाटलं.

पत्र्याच्या टॉकीजमध्ये बायका एका अंगाला बसल्या. इंग्रजी कोणाच्या बापाला समजत होतं! म्हणून दारावरचा शालिग्रामच भोंग्यातून सांगत होता, हा शेरीफ म्हंजे तिथला फौजदार, हे चोर, आता गोळी घालते पाहा. सगळी टॉकीज त्या शेरीफसाठी शिट्ट्या मारत होती. या दोघींची नजर मात्र दोन बायांवर खिळली. एक शेरीफनं लग्न करून आणलेली कोवळी बायको. दुसरी वय झालेली, दारूचा गुत्ता चालवणारी. शेरीफ आधी तिच्याकडे राहायचा.

पावणेपाचला सिनेमा सुटला. एसटी स्टँडवर टोपली शेजारी ठेवून दोघी बसल्या.

“बायको झाली ते पोरगी झकास होती,” आवडाबाई म्हणाली. तिला वाटलं, कस्तुराला हेच ऐकायचं असेल. “शेरीफ लढाईले निंघाला तवा कणकीचे हात तसेच धरून रडली. खरंच पाणी आलं तिच्या डोयात.”

“रडली त काय झालं? रडाले सांगतलं, रडली.” कस्तुरा मान हलवत म्हणाली. “मले त ते गुत्त्यावाली आवडली.”

“अवं, ते चार डाव आली न् गेली! बोलली तरी काय?”

“बोलली नाई, म्हणूनच त. नवरानवरी आले तवा कंदील घेऊन दारात तेच उभी होती. हसली. मंग कंदील खाली ठेवला अन् टेबल पुसाले लागली. टेबल सोच्छ होता, बाई. डबल डबल पुसला तिनं. असं कोणाले सांगून करता येते का?”

आवडाबाईला आपलीच एक सांज आठवली. कस्तुराला ओवाळल्यावर तिनं सारवलेली चूल पुन्हा सारवली होती. ते कोणी पाहिलं असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

“पण तिचं झालं काय?” कस्तुरानं विचारलं. “लढाई झाली, शेरीफ बायकोले घेऊन घरी गेला. हे कुठं गेली?”

शालिग्राम चहा प्यायला स्टँडवर आला होता. कस्तुरानं त्यालाच हटकलं, “काहो, गुत्त्यावालीचं काय झालं?”

तो हसला. “बाजाराच्या दिवशी एक रीळ गाळतो आमी. लोकाईले पाचच्या गाड्या धरा लागतात ना! त्या रिळात ते आपलं गाठोडं घेऊन टांग्यात बसते अन् निंघून जाते. कोणी पोचवाले बी येत नाई. तेवढं गाळलं त काही फरक पडत नाई. इतके बाजार झाले, तिचं काय झालं म्हणून इचारणारी तूच पयली.”

तो गेला. आवडाबाईच्या कानात तेच राहिलं. गाळलं तर काही फरक पडत नाही! तेवढ्यात आसेगाववरून जाणारी मंगरुळाची पाचची गाडी लागली आणि कंडक्टर आसेगावच्या नावानं ओरडू लागला. तिनं टोपलीच्या काठाला हात घातला.

“सकाळी तुमच्या डोक्स्यावर टोपली देल्ली ना,” कस्तुरा खाली बघत म्हणाली, “तवाच मले समजलं. मेथीचं वजन मले ठाऊक हाये, बाई. ते मेथी नव्हती.”

आवडाबाईचा हात तिथंच थांबला.

“जायाचं असंन त जा. मी कोन आडवणारी? किल्ली घेतली तवा मले बी बोलता आलं नाई. भ्याली मी. पण घरचे सारे चूप बसतीन, मी नाई बसणार. मी रोज इचारीन, बाई कुठं गेली.”

आवडाबाईला हुंदका फुटला. भरल्या स्टँडवर, पदरात तोंड घालून ती रडली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली आणि गाडी हलली.

कस्तुरा टोपलीला हात लावायला वाकली तशी आवडाबाई खेकसली, “वाकू नको! सातवा महिना हाये, काही अक्कल हाये का तुले?” मेथी विकल्यानं टोपली हलकी झाली होती. तिनं ती एकटीनंच डोक्यावर घेतली आणि मळ्याची वाट धरली.

“बाई, आसेगावची गाडी...”

“गेली. पायलं मी. चाल आता. अन् रस्त्यानं सांग मले, त्या गुत्त्यावालीनं आखीन काय काय केलं ते.”