थोरली

उद्या सरांचं निवृत्तीचं व्याख्यान, आणि आज त्यांची शेवटची विद्यार्थिनी लॅपटॉपवरचा एक फोटो पुन्हा पुन्हा तपासत होती.

शेजारच्या दीर्घिकेत, नवे तारे जन्मतात अशा एका गुलाबी ढगाच्या मधोमध, सरांना तरुणपणी एक तारका सापडली होती. सूर्याच्या कितीतरी पट वजनदार आणि डोळे दिपवणारी. तिचं लाडाचं नाव थोरली. काकू, म्हणजे सरांची बायको, मात्र तिला सवत म्हणत. तिच्याच जोरावर सरांनी नाव कमावलं.

आणि नव्या दुर्बिणीच्या स्वच्छ फोटोत थोरली एक नव्हतीच! चार तारका एकमेकींना खेटून बसल्या होत्या. फोटो सगळ्यांसाठी खुला होता. उद्या भर सभागृहात कुणी तो काढून दाखवला, तर सरांची काय शोभा होईल? त्यापेक्षा आपणच सांगावं, म्हणून ती संध्याकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेली.

सर उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होते. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. इस्त्री जागच्या जागी राहिली. काकूंनी धावत येऊन बटण बंद केलं.

"खात्री आहे?"

"हो, सर."

"मग मी जरा आत जाऊन रडतो," सर म्हणाले. "तू तोवर जेवून घे."

काकूंनी ताट वाढलं, पण ती नुसता भात चिवडत बसली. या भल्या माणसाचं आयुष्यभराचं सुख आपण हिरावलं, असं तिला वाटत होतं.

"खा गं," काकू म्हणाल्या. "एकदाचं मनसोक्त रडू दे त्यांना. मध्येच थांबवलं तर आठवडाभर पुरवून पुरवून रडतील."

सर तोंड धुऊन आले, चष्मा लावून तिच्या शेजारी बसले. "दाखव. सावकाश."

बराच वेळ ते पडद्याला नाक लावून बघत राहिले.

"किती म्हणालीस?"

"चार."

"बाकीच्या गोल आहेत. मग ही डावीकडची अशी लांबट का गं?"

तिने चित्र मोठं केलं आणि तिचा चेहराच पडला. तिथे एकीला चिकटून दुसरी होती. इतक्यांदा तपासूनही तिने दोघींना एकच धरलं होतं.

"सर, मी..."

"घाई झाली. मलाही झाली होती." सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "उद्या आपण दोघं मिळून बोलू. आधी माझी चूक मी सांगतो, मग तुझी तू सांग."