पहिल्या एकोणीस ओळी

त्यानं पहिल्या एकोणीस ओळी माउसनं निळ्या केल्या, डिलीटवर बोट नेलं आणि तिथंच थांबला. पुन्हा एकदा वेळेचा रकाना वाचला. पहिली ओळ, चार वाजून दहा मिनिटं. एकोणिसावी, चार एकवीस. अकरा मिनिटांत एकोणीस माणसांनी फॉर्म भरला होता. कुणी चोवीस वर्षांचा, कुणी बावन्न, कुणी भाड्यानं राहणारा, कुणाची दोन घरं. अडचण मात्र एकोणिसांचीही एकच. चौथा पर्याय.

ती एकोणीसही माणसं तोच होता.

ऑफिस घरं विकायचं आणि तो ऑफिसचा ब्लॉग लिहायचा. सगळे त्याला लेखक म्हणत. त्यात निम्मा मान होता, निम्मी चेष्टा. चार महिन्यांपूर्वी मॅडमनं फर्मान काढलं होतं, मनानं विषय काढणं बंद, लोकांना विचारा. मग त्यानं सर्व्हे केला. घर विकताना तुमची सर्वांत मोठी अडचण कोणती? किंमत, कागदपत्रं, वेळ, घरातली वडीलधारी माणसं, इतर. जे जिंकेल त्यावर लेख.

फॉर्म बाहेर पाठवण्याआधी तो चालतो की नाही हे बघायला आपणच खोटी माणसं भरायची असतात, आणि मग ती पुसायची असतात. त्यानं भरली आणि पुसायची राहिली. हे कुणाच्याही हातून होतं. पण बोट दर वेळी चौथ्यावरच का गेलं? त्याच आठवड्यात त्याची आई बाथरूममध्ये घसरली होती आणि तिचं तिसऱ्या मजल्यावरचं घर विकावं हे त्याच्या डोक्यात आलं होतं, पण ओठांवर यायला धजत नव्हतं. ओठांचं काम बोटानं केलं.

एकूण चोपन्न उत्तरं, त्यातली बावीस चौथ्यावर. शंभरातले एकेचाळीस. आता एकोणीस पुसली की उरणार होते पस्तिसात तीन.

त्या एकेचाळिसावर त्यानं लेख लिहिला होता: ‘वडीलधाऱ्यांना घर विकायला राजी करणारी सात वाक्यं’. ऑफिसच्या जन्मात एवढा कुठलाच लेख वाचला गेला नव्हता. लोकांनी तो भावाला पाठवला, बहिणीला पाठवला, इमारतींच्या ग्रुपवर टाकला. सातही वाक्यं सभ्य होती. माणसाला घराबाहेर काढायला सभ्य वाक्यंच लागतात. शिव्या दिल्या तर तो आतून कडी लावून बसतो. तिसरं वाक्य सगळ्यांत गुणकारी होतं. ‘हे फक्त आपल्याच घरात चाललेलं नाही, शंभरातल्या एकेचाळीस घरांत हेच चाललंय.’

हे वाक्य त्यानं स्वतःच्या आईवर वापरलं होतं. दोन महिने नाही म्हणणारी आई ते ऐकून म्हणाली, “एवढे?” आणि मग, “बरं.”

गुरुवारी तिची सही होती. आज मंगळवार.

तो उठून मॅडमच्या केबिनमध्ये गेला. तिथं कॅमेरावाला रिकाम्या फ्लॅटचे फोटो दाखवत बसला होता.

“मॅडम, तो एकेचाळीसचा आकडा चुकलाय. माझ्याच चाचणीच्या ओळी त्यात राहिल्या. खरा आकडा नऊ सुद्धा नाही. लेख काढायला पाहिजे.”

मॅडमनं चष्मा कपाळावर नेला. “काढू नकोस. चालतोय तो.”

“पण आकडा खोटा आहे.”

“आकडा जुना आहे, असं म्हण. आणि गुरुवारी आईंचा किल्ली देताना फोटो हवाय मला. आमच्या लेखकानं स्वतःच्या घरी करून दाखवलं! यापेक्षा मोठी जाहिरात कुठली?”

कॅमेरावाला हसला. “अरे लेखका, माझी लेन्स दहा बाय दहाची खोली पंधरा बाय पंधरा करते. मी कधी रडत आलो का? तुझा आकडा जरासा रुंद झाला, एवढंच.”

लेखकही हसला. हसायला नको होतं, हे त्याला ऑफिसचा जिना उतरताना कळलं.

आईच्या घराचं दार उघडंच होतं. जमिनीवर बसून ती काचेचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळत होती. खोक्यांवर तिचं शिक्षिकेचं गोल अक्षर होतं: ‘पेले, सहा’, ‘पुस्तकं, बत्तीस’, ‘फुटकं पण टाकायचं नाही’.

“आज कसा उगवलास? सही गुरुवारी आहे ना?”

“हो.”

“मग बस. तो कागद दे इकडे. क्रीडापान नको, ते जाड असतं.”

तो बसला. दोन पेले त्यानंही गुंडाळले. घर विकून काही तो पैसे उडवणार नव्हता. त्याचं आणि तिचं विकून एकच मोठं घ्यायचं, लिफ्टचं, तिला गॅलरीशेजारची खोली. बेत खोटा नव्हता. हीच पंचाईत होती. बेत खोटा असता तर कबूल करणं सोपं गेलं असतं.

“आई, तो आकडा मी सांगितला होता ना. एकेचाळीस.”

“हं.”

“तो चुकलाय.”

तिचे हात थांबले नाहीत. “किती आहे मग?”

“तीन. पस्तीस माणसांतले तीन. बाकीचे एकोणीस मी भरले होते. फॉर्म चालतोय का बघायला. पुसायचे राहिले.”

“तू एकट्यानं?”

“हो.”

“घरात बसून?”

“ऑफिसात.”

आता तिनं पेला खाली ठेवला. तिनं आयुष्यात तीन वेळा जनगणना केली होती. शाळा सुटल्यावर, खांद्याला पिशवी लावून, दारोदार. हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तिसरं वाक्य बोलताना मात्र आठवलं नव्हतं. किंवा आठवलं होतं, म्हणूनच ते बोलला होता.

“कुलूप दिसलं तर आम्ही तीनदा जायचो,” ती म्हणाली. “कुत्रा अंगावर आला तरी जायचो. माझ्याबरोबरची एक बाई घरी बसून भरायची, निम्मी वस्ती तिनं मनानं जन्माला घातली. तिच्याशी मी पुन्हा बोलले नाही.” तिनं कागदाची घडी नखानं दाबली. “तू एकेचाळीस म्हणालास तेव्हा मला वाटलं, एकेचाळीस दारं. प्रत्येक दारात कुणीतरी म्हातारं उभं, आणि ते हो म्हणालं. एवढ्यांनी सोसलं तर मी काय मोठी लागून गेले? तुला ‘नाही’ म्हणता येत होतं रे मला. त्यांना म्हणता येईना.”

तो जमिनीकडे बघत राहिला. फरशीवर शाईचा एक डाग होता, त्याच्या दहावीच्या वर्षाचा.

“गुरुवारचं रद्द करू?” त्यानं विचारलं.

“तुझा फॉर्म दाखव आधी.”

त्यानं मोबाइल पुढे केला. तिनं लांब धरून पेपर तपासावा तसा वाचला.

“हा प्रश्नच नापास आहे. घर विकताना अडचण कोणती! ज्याला विकायचंच नाही त्यानं खूण कुठं करायची?”

“त्याच्यासाठी... ठेवलेलं नाही काही.”

“आणि चौथी अडचण म्हणजे मी. हो ना? कागदपत्रांच्या खाली.”

त्यानं मान हलवली. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, त्याला हात देऊ दिला नाही. टेबलाच्या खणातून पेन्सिल काढली, बिलाचा एक पाठकोरा कागद काढला आणि पायात चपला सरकवल्या.

“चल. या जिन्यावर बारा दारं आहेत.”

“आई, कशाला आता...”

“मी तुला बोलले का एका शब्दानं? चल मग. विचारणार तू. प्रश्न एकच. हे घर विकायचंय का तुम्हाला? उत्तर येईपर्यंत तोंड बंद. आणि आपलं घर सगळ्यांत शेवटी. मोजणाऱ्यानं आपलं दार शेवटी मोजायचं.”

समोरच पोस्टमनकाका राहायचे. त्यांनी चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाटली होती आणि आता त्यांना कुणी पत्र पाठवत नाही, हा विनोद ते स्वतःच करायचे. बेल वाजल्यावर त्यांनी दार पूर्ण उघडलं. मागच्या भिंतीवर चौकोनी पांढरे डाग होते, टांगलेले फोटो उतरवल्याचे. कोपऱ्यात बांधलेल्या गाद्या.

“अरे वा, मायलेक दोघं? वर्गणी का?”

“हा मोजणीला आलाय,” आई म्हणाली. “विचार रे.”

“काका, हे घर...” त्यानं आईच्या हातातून कागद-पेन्सिल घेतली. “हे घर विकायचंय का तुम्हाला?”

“उशीर केलास पोस्टमनसारखा! परवाच सही केली.” काका हसले. “पोरगी म्हणाली, बाबा, फक्त आपल्याच घरात नाही, शंभरातले एकेचाळीस लोक हेच करतात. म्हटलं, एवढे जण जातायत तर आपण एकटे इथं काय पत्रं वाटतोय? तू लिहितोस ना तसलं? कुठून आला रे हा आकडा?”

आईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती जिन्याच्या कठड्याकडे बघत होती.

“माझ्याकडून,” तो म्हणाला. “चुकीचा होता, काका. मीच मनानं भरले होते त्यातले एकोणीस.”

काकांचं हसू लगेच गेलं नाही. रस्ता चुकलेल्या माणसासारखं ते थोडा वेळ चेहऱ्यावर रेंगाळलं. त्यांनी मागं वळून गाद्यांकडे पाहिलं.

“सही झाली रे,” ते म्हणाले. मग कागदाकडे बोट दाखवलं. “लिही. मी एकेचाळिसातला. आता खरा.”

दार लागलं. आपटलं नाही, हळूच लागलं.

“लिही,” आई म्हणाली.

“काय लिहू?”

“विचारलं काय होतंस? विकायचंय का. त्यांनी त्याचं उत्तर दिलं का?”

“नाही.”

“मग तसं लिही. विकलं. विकायचं होतं का, माहीत नाही.”

तो लिहीत गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, घर भाड्याचं आहे, मी कोण विकणार, पण विचारलंस ते बरं वाटलं. पहिल्या मजल्यावर एक जोडपं ‘हो’ आणि ‘नाही’ एकदमच म्हणालं आणि दारातच भांडायला लागलं. एका दारावर कुलूप होतं; आई म्हणाली, आणखी दोनदा यावं लागेल. एका म्हातारीनं विचारलं, “कुणी पाठवलंय तुला? माझ्या मुलानं?” आणि नाही म्हणून सांगितलं तरी साखळी काढली नाही, फटीतूनच बोलली. तळमजल्यावरच्या सायकलवाल्यानं उलट विचारलं, गिऱ्हाईक आणलंय का? त्याला खरंच विकायचं होतं. त्याचंही लिहिलं. मोबाइल खिशात तीनदा थरथरला. मॅडमच असणार, फोटोसाठी साडी कुठल्या रंगाची, असलं काहीतरी. त्यानं काढून पाहिला नाही.

वर येताना आई प्रत्येक वळणावर थांबत होती. दुसऱ्या मजल्यावर तिनं पायरीवर बसून घेतलं आणि दुखरा पाय लांब केला. तिला जिना झेपत नव्हता, हे कुठल्याही सर्व्हेशिवाय दिसत होतं. तो काही बोलणार तेवढ्यात तिनं बोट वर केलं.

“तोंड बंद म्हटलं होतं ना?”

आपल्या दाराशी आल्यावर तिनं त्याला बाहेर उभं केलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. कागदावर अकरा ओळी होत्या, खाली एका ओळीची जागा. या दाराची बेल त्यानं आयुष्यात वाजवली नव्हती. एकतर किल्ली असायची, नाहीतर हाक मारली की काम व्हायचं. बटण कुठं आहे हे त्याला शोधावं लागलं.

त्यानं बेल वाजवली. पावलं आली, पण लगेच नाही. कडी निघाली.

“कोण पाहिजे?” आईनं विचारलं. तिनं पदर नीट केला होता, केसांवरून हात फिरवला होता. ती त्याच्याकडे दारात आलेल्या कुठल्याही माणसाकडे बघावं तशी बघत होती.

“मोजणी आहे,” तो म्हणाला. पेन्सिल कागदाला टेकली होती. “हे घर विकायचंय का तुम्हाला?”

तिनं दाराच्या चौकटीवर हात ठेवला. त्यानं तोंड बंद ठेवलं.

“आत या,” ती शेवटी म्हणाली. “उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही ते.”