माझ्यासाठी काढा

"बिघडलाय," असं म्हणत सिस्टरनी फोन माझ्या टेबलावर पालथा ठेवला, इंजेक्शन घ्यायला आलेल्या पेशंटला झोपवावं तसा. "दोन दुकानांत दाखवला. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने काच. मूळ दुखणं आहे तसंच आहे."

"होतंय काय त्याला?"

"घरच्या ग्रुपवर कुणाचे मेसेजच येत नाहीत."

मी वाचनालयातला कारकून. पुस्तकं देणं आणि परत घेणं एवढंच माझं काम होतं. पण एकदा आमच्या साहेबांच्या फोनची रिंग बंद करून दिली आणि तेवढ्या पराक्रमावर त्यांनी माझ्या टेबलामागे 'मोबाइल मदत' अशी पाटी ठोकली. तेव्हापासून पुस्तकांना कुणी विचारत नाही. अक्षरं मोठी करून द्या, आवाज कुठे गेला ते बघा, माझा पासवर्ड काय होता हो? मला माझा आठवत नाही, तुमचा कुठून आठवणार? मी चिडतो, लोक हसतात आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन येतात.

सिस्टर पहिल्यांदाच आल्या होत्या. उभा जन्म त्यांनी मोठ्या हॉस्पिटलात काढला. निम्म्या गावाला त्यांनी सुया टोचल्यात, त्यामुळे पन्नाशी उलटलेल्या माणसालाही त्या अरे-तुरे करतात आणि माणूस निमूट ऐकून घेतो. मीही त्यातलाच एक.

फोन सरळ केला. नेट चालू होतं. विजेच्या बिलाचा मेसेज आलेला होता, कर्ज घ्या म्हणून कुणीतरी गळ घातली होती, तीही पोचली होती. मग घरचा ग्रुप उघडला. पडद्यावर खालपासून वरपर्यंत सगळे मेसेज सिस्टरचेच. शुभ सकाळ. कसे आहात सगळे? थंडी वाढलीय, जपा. बाळाचा फोटो टाका ना. प्रत्येकापुढे दोन निळ्या खुणा, म्हणजे वाचलेले. उत्तर एकाचंही नव्हतं.

"बाळ कुणाचं?" मी विचारलं.

"भाचीचं. माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तिला मुलगी झाली." सिस्टरच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि लगेच मावळलं. "मला कळलं कुठून, तर आमच्या जुन्या वॉर्डातल्या आयाबाईकडून. म्हटलं, ग्रुपवर फोटो आले असणार, माझ्याच फोनला दिसत नसणार. तेवढे काढून दे."

"भावाला फोन लावून विचारायचं."

"लावते ना. तो कामात असतो. उचलत नाही."

"आणि भाचीला?"

"बाळंतीण आहे ती. तिला कशाला उगाच उठवायचं?"

या भाचीला सिस्टरनीच वाढवलं होतं, हे आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. भाऊ आणि भावजय दोघंही फिरतीच्या नोकरीत. पोरगी रांगायला लागायच्या आधीच आत्याकडे आली ती कॉलेज संपेपर्यंत. सिस्टर रात्रपाळी करून यायच्या, पोरीला शाळेत सोडायच्या आणि मग झोपायच्या. त्यांचं लग्न का राहिलं, असं कुणी विचारलंच, तर "वेळ कुणाला होता?" म्हणून हसायच्या. मी इतक्या वेळा ते हसणं पाहिलंय की मला ते पाठ आहे, आणि मला ते कधीच आवडलेलं नाही.

मी मेसेज वर वर सरकवत गेलो. भाचीच्या लग्नाचे फोटो लागले. छान, सुंदर, नजर न लागो. त्यानंतर अचानक सगळे गप्प.

"लग्नात काही वाजलं का तुमच्यात?"

"छे." सिस्टरनी चष्मा काढून पुसला. "एकदा माझा एक मेसेज चुकून तिथे गेला होता. मैत्रिणीला लिहिलेला. पण मी लगेच काढून टाकला. कुणी बघितलासुद्धा नसेल."

मी पुन्हा शोधलं. मेसेज सगळ्यांकडून काढला, तर त्या जागी 'मेसेज काढला आहे' अशी फिकट ओळ उरते. तिथे तशी ओळ नव्हती.

"सिस्टर, तुम्ही कसा काढलात, ते मला करून दाखवा. मला काहीतरी पाठवा आधी."

त्यांनी माझ्या नंबरवर 'नमस्कार' असं पाठवलं. मग त्यावर अंगठा दाबून धरला, केराच्या डब्याचं चित्र दाबलं. दोन ओळी आल्या. सगळ्यांसाठी काढा. माझ्यासाठी काढा. त्यांचा अंगठा जराही न अडखळता दुसऱ्या ओळीवर गेला.

"हेच का दाबलंत?"

"विचारतायत ना ते, सगळ्यांसाठी काढू की तुझ्यासाठी? बाकीच्यांना कशाला मध्ये घ्यायचं? चूक माझी होती. म्हटलं, काढा बाबांनो, माझ्यासाठी काढा."

माझ्याखातर, अशा अर्थाने. बाईंनी फोनला विनंती केली होती.

मी माझा फोन त्यांच्या फोनशेजारी ठेवला. त्यांच्याकडे नमस्कार नव्हता. माझ्याकडे होता.

सिस्टर दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. हॉस्पिटलातली बाई, रिपोर्ट वाचायची सवय होती. जास्त समजवावं लागलं नाही.

"म्हणजे त्यांच्याकडे अजून आहे."

"असणार."

"बघ," त्या म्हणाल्या, "जन्मभर सगळ्यांसाठी केलं. एकदाच माझ्यासाठी केलं, तर हे असं."

मी विचारलं, "लिहिलं काय होतं?"

त्यांनी ते तोंडपाठ असल्यासारखं सांगितलं. लग्नात भावजयीने नव्या व्याह्यांशी त्यांची ओळख करून दिली होती. म्हणाली, या आमच्या मुलीला सांभाळायला असायच्या. आत्या नाही, नणंद नाही. सांभाळायला असायच्या. सिस्टरनी त्यांना हसून नमस्कार केला, जेवल्या, घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला लिहिलं: मूल तिने जन्माला घातलं, पण आई ती फोटोपुरती. खरी आई मीच. मेसेज गेला घरच्या ग्रुपवर.

"भावाशी बोला," मी म्हणालो. "हा घ्या आमचा इथला फोन."

वाचनालयाच्या फोनवर भावाने दुसऱ्याच रिंगला उचललं. सिस्टरना कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकर लावला.

"मी बोलतेय."

"ताई, हा कुणाचा नंबर?"

"वाचनालयाचा. तो माझा मेसेज वाचलास तू?"

"सगळ्यांनी वाचला."

"मी काढला होता रे. म्हणजे मला वाटलं, काढला. चुकीचं बटण दाबलं मी."

"दोन दिवस वाट बघितली आम्ही. म्हटलं, रागाच्या भरात लिहिलंय, काढेल ताई. काढला नाहीस. वर तिसऱ्या दिवशी शुभ सकाळ टाकलंस."

"मला माहीतच नव्हतं."

"माझ्या बायकोला किती लागलंय ते, तुला कल्पना नाही."

माझ्या जिभेवर बरंच आलं होतं. त्या भावाला एवढंच विचारायचं होतं, की एकदा फोन करून भांडायला काय झालं होतं? निदान भांडायचं तरी. पण मी कोण, पाटीखालचा कारकून.

"मग आता काय करू?" सिस्टरनी विचारलं.

"ग्रुपवर लिही. सगळ्यांसमोर गेलंय, तर सगळ्यांसमोरच लिही. चुकून गेलं आणि जे लिहिलं ते खोटं होतं. एवढं लिही, विषय संपला. मग ये की बाळाला बघायला. कोण नाही म्हणतंय?"

"तोवर एक फोटो पाठव ना. कुणासारखी दिसते?"

"आधी लिही, ताई." फोन ठेवला गेला.

सिस्टरनी आपला फोन माझ्याकडे सरकवला. "लिही तू. माझा हात चालत नाही." मग सांगायला लागल्या. "माझा तो मेसेज चुकून इथे आला. सगळ्यांची माफी मागते."

मी लिहिलं आणि थांबलो. "पुढचं?"

त्या समोरच्या कपाटाकडे बघत होत्या.

"अहो सिस्टर, चार शब्दांनी काय बिघडतंय? बाळ तर बघायला मिळेल. मनात काय ते ठेवा ना मनात." मीच बोललो हे. व्यवहाराचंच बोललो असं तेव्हा वाटलं.

"लिही."

जे लिहिलं ते खोटं होतं. एवढं मी लिहिलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा नीट बसवून सगळं वाचलं, मनातल्या मनात, ओठ हलवत. मग शेवटून एकेक अक्षर खोडायला सुरुवात केली. सगळं एकदम कसं खोडायचं ते त्यांना येत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. 'माफी मागते'पाशी येऊन त्या थांबल्या आणि तेवढंच पाठवलं.

"चुकून गेलं हे खरंय," त्या म्हणाल्या. "पण ते चुकीचं नव्हतं रे. ती पोरगी माझं बोट धरून चालायला शिकली. ते खोटं म्हटलं, तर मग मी एवढी वर्षं केलं काय?"

निळ्या खुणा उमटायला वेळ लागला नाही. इतके दिवस न चालणारा ग्रुप लगेच चालायला लागला. पण उत्तर भावाचं नव्हतं, भावजयीचंही नव्हतं. भाचीचं होतं.

आत्या, मग ते खरं होतं का?

मी म्हणालो, "यावर काही लिहू नका. तिला एकटीला फोन करा."

"तिने सगळ्यांसमोर विचारलंय." त्यांनी एका बोटाने 'हो' लिहिलं आणि पाठवलं.

भाचीच्या नावापुढे 'लिहीत आहे' असं उमटलं. थांबलं. पुन्हा उमटलं. आम्ही दोघंही टेबलावर वाकून बघत होतो, सिस्टरच्या मागे परतीची पुस्तकं घेऊन एक बाई खोळंबली होती, तिला मी हातानेच थांबवलं. बराच वेळ भाची लिहीत होती. एवढ्या वेळात माणूस रागाचंही लिहू शकतं आणि दुसरंही काही लिहू शकतं.

मग लिहायची पट्टीच नाहीशी झाली. तिच्या जागी एक ओळ आली: भावाने सिस्टरना ग्रुपमधून काढलं होतं.

सिस्टरनी ती ओळ वाचली. पडद्यावर दोनदा बोट टेकवून बघितलं. काही झालं नाही.

"ती काहीतरी लिहीत होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"ते आता मला दिसेल?"

"इथे नाही दिसणार. तुम्हाला वेगळं पाठवलं तर दिसेल."

"नंबर आहे तिच्याकडे माझा."

"असणारच."

त्यांनी मान हलवली, पदराने पडदा पुसला आणि फोन मांडीवर धरून बसल्या. या वेळी सरळ, पडदा वर करून. माझ्या टेबलासमोर खुर्ची ती एकच. पुस्तकंवाली बाई गेली, मग एक आजोबा टॅब घेऊन आले आणि उभेच राहिले. त्यांना अक्षरं मोठी करून हवी होती. सिस्टरना उठा म्हणणं माझ्या जिवावर आलं. मी आतल्या खोलीत गेलो, तिथल्या खुर्चीवरचे जुने अंक खाली ठेवले आणि ती खुर्ची आजोबांसाठी बाहेर आणली.